आधी काय, मग काय?



या व्याख्यानमालेच्या मंचावर संतसाहित्य होतं, राजकारण होतं, इतिहास तर दरवर्षी असतोच. पाळी आणि अंडाशय या विषयावर इथे फारसं कुणी बोललं नसावं. कार्यकर्त्यांनी फोनवर अदबीनं विचारलं होतं, "डॉक्टर, पत्रिकेत नुसतं 'स्त्री-आरोग्य' छापलं तर चालेल ना?" मी म्हटलं, नाही चालणार. स्त्री-आरोग्य म्हटलं की बीपी, शुगर, हिमोग्लोबिन आणि पालेभाज्या. 'एंडोमेट्रिओसिस' असंच छापा. हे काय नवीन, म्हणून तरी लोक येतील. आलात, आभारी आहे.

पहिल्या चार-पाच रांगांत पन्नाशी-साठी ओलांडलेली मंडळी दिसतायत. ते बरंच झालं. हा आजार होतो त्या मुली साधारण पंधरा ते चाळीस वयाच्या. पण त्यांना डॉक्टरकडे कधी न्यायचं, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, ऑपरेशन करायचं की नाही, हे अजूनही बऱ्याच घरांत या रांगांत बसलेली माणसंच ठरवतात. म्हणून आजचं बोलणं तुमच्याशी आहे.

आजार काय, ते थोडक्यात सांगते. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर गर्भाशयाबाहेर उगवतं. अंडाशयावर, बीजनलिकांभोवती, गर्भाशय आणि आतडं यांच्या मधल्या खोलगट जागेत. आतलं अस्तर दर महिन्याला पाळीतून निघून जातं. बाहेरच्याला वाटच नाही. तिथे सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात साठलेलं जुनं रक्त घट्ट आणि तपकिरी होतं, त्याची गाठ होते. अमेरिकेतल्या ऑल्बनी गावचे सर्जन जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली अशा गाठींना चॉकलेटची उपमा दिली आणि ते नाव जगभर झालं. त्याच सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडलं, की पाळीचं थोडं रक्त नलिकांतून उलटं पोटात जातं आणि तिथे रुजतं. आज आपल्याला माहीत आहे की असं उलटं रक्त बहुतेक सगळ्याच बायकांत जातं. रुजतं मात्र काहींतच.

काहींत म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं पाळी येणाऱ्या वयातल्या दहा जणींमागे एक. जगात सुमारे १९ कोटी. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या स्त्रिया घेतल्या, तर त्यांच्यात हे प्रमाण चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जातं. हे ऐकून कुणी घाबरू नका. आजार आहे म्हणजे मूल होणारच नाही असं मुळीच नाही. आजार असलेल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींना विशेष उपचारांशिवाय दिवस राहतात. मी आज उरलेल्यांबद्दल बोलणार आहे. त्यांच्या पदरात मूल पडण्याची शक्यता वाढवायची कशी?

लोकांना वाटतं, उत्तर नव्या यंत्रात आहे, महागड्या इंजेक्शनात आहे. थोडंफार आहेही. पण माझं म्हणणं वेगळं आहे. या आजारात निकाल बिघडतो तो बऱ्याचदा उपचारांच्या क्रमामुळे. योग्य तेच उपचार, पण चुकीच्या वेळी.

समजा, एक मुलगी आहे. ही कुणी एक मुलगी नाही, अनेकींची मिळून मी केलेली आहे, त्यामुळे ओळखायचा प्रयत्न करू नका. चौदाव्या वर्षापासून पाळीत तिला कळा येतात. इतक्या, की महिन्यातले दोन दिवस शाळा बुडते. आई म्हणते, माझंही दुखायचं. आजी म्हणते, लग्न झालं की थांबेल. सव्विसाव्या वर्षी लग्न होतं. थांबत नाही. आता संबंधांच्या वेळीही दुखतं, ते ती कुणाला सांगत नाही. सत्ताविसाव्या वर्षी सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात पाच सेंटिमीटरची गाठ दिसते. दुर्बिणीतून ऑपरेशन होतं. गाठ परत येऊ नये म्हणून वर्षभर डायनोजेस्टच्या गोळ्या. गोळ्या थांबतात, दीड वर्ष प्रयत्न होतात, गाठ परत येते, यावेळी दोन्हीकडे. पुन्हा ऑपरेशन. मग सहा महिने इंजेक्शनं. मग कुणीतरी एएमएच, म्हणजे अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करायला सांगतं. आकडा येतो ०.५, म्हणजे कमी. वय तेहतीस. आता आयव्हीएफ. तीन स्त्रीबीजं मिळतात. एक गर्भ तयार होतो. राहत नाही.

यात कुणी काही वेडंवाकडं केलं का? दुखत होतं म्हणून गाठ काढली, हे बरोबर. गाठ परत येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या, हेही बरोबर. दिवस राहत नाहीत म्हणून आयव्हीएफ, तेही बरोबर. प्रत्येक पाऊल पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ती एकच गोष्ट: कुणीतरी सगळ्यात आधी बसून विचारायला हवं होतं, हिला मूल हवं आहे का, कधी हवं आहे, आणि हिच्या अंडाशयात बीजांचा साठा किती आहे? (आणि जाता जाता: या गोष्टीत नवऱ्याची वीर्यतपासणी कधी झाली, हे तुमच्या लक्षात आलं का? झालीच नाही. दोन ऑपरेशनं झाली, पण काहीशे रुपयांत होणारी ती तपासणी राहिली. आपल्याकडे हे फार होतं.)

आता पहिला मुद्दा, हरवलेल्या वर्षांचा. पहिलं लक्षण आणि निदान यांत जगभर सरासरी चार ते बारा वर्षं जातात. का जातात? पाळीत दुखायचंच, हे आपण मुलींना शिकवलं म्हणून. पाळीत थोडं दुखणं वेगळं. शाळा, कॉलेज, कामावरची हजेरी बुडावी इतकं दुखणं वेगळं. शौचाच्या वेळी कळ येणं, संबंधांच्या वेळी खोलवर दुखणं वेगळं. पूर्वी डॉक्टर म्हणायचे, पोटात दुर्बीण घातल्याशिवाय निदान पक्कं नाही. आणि लग्न न झालेल्या मुलीच्या पोटात दुर्बीण घालायला कोण तयार होणार? म्हणून सगळंच लांबायचं. २०२२ साली युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेनं, एश्रेनं, आपल्या मार्गदर्शिकेत ही अट काढून टाकली. जाणकार हातांनी केलेली सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय, आणि नीट ऐकलेली तक्रार एवढ्यावर उपचार सुरू करता येतात. नीट ऐकलेली तक्रार, हे शब्द माझे आहेत. पण त्याशिवाय बाकीचं चालत नाही.

आपल्याकडे एक खास अडचण आहे, टीबीची. गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षयरोग आपल्या देशात खरोखर आहे, त्यानं वंध्यत्वही येतं. पण सीए-१२५ या रक्ततपासणीचा आकडा दोन्ही आजारांत वाढतो. मग अस्तराच्या तुकड्याची एखादी पीसीआर पॉझिटिव्ह आली, की दुसरा काही पुरावा नसताना सहा महिने एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू होतात. खरा टीबी असेल तर औषध द्यायलाच हवं. नुसत्या संशयावर दिलेले सहा महिने मात्र पस्तिशीच्या बाईला कुणी परत देत नाही. आणि आपल्याकडच्या बायकांना हा वेळ आणखी महाग पडतो. २०१४ साली स्पेन आणि भारतातल्या स्त्रियांची तुलना झाली. त्यात भारतीय स्त्रियांचा अंडाशयातला साठा सुमारे सहा वर्षं आधी ओसरताना दिसला. म्हणजे आपली तीस ही त्यांची छत्तीस.

दुसरा मुद्दा ऑपरेशनचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

ऑपरेशननं मूल होण्याची शक्यता वाढते का? १९९७ साली कॅनडातल्या एका अभ्यासात सौम्य आजाराच्या ३४१ स्त्रिया घेतल्या. निम्म्यांच्या पोटात दुर्बीण घालून नुसतं पाहिलं, निम्म्यांचे आजाराचे ठिपके जाळले किंवा कापले. पुढच्या ३६ आठवड्यांत राहिलेलं आणि वीस आठवड्यांपुढे टिकलेलं गर्भारपण मोजलं. नुसतं पाहिलेल्यांत १७.७ टक्के, उपचार केलेल्यांत ३०.७ टक्के. फरक आहे. पण आठ जणींचं ऑपरेशन केलं तेव्हा आणखी एकीचं गर्भारपण टिकलं, असा तो फरक आहे. दोन वर्षांनी इटलीतल्या छोट्या अभ्यासात तेवढाही दिसला नाही. तेव्हा तरुण बाई, सौम्य आजार, मोकळ्या नलिका, दुखणंही आहे, तर ऑपरेशनला अर्थ आहे. नुसतं मूल होत नाही म्हणून सरसकट प्रत्येकीच्या पोटात दुर्बीण घालायला अर्थ नाही.

चॉकलेट सिस्टची गोष्ट निराळी. ही गाठ फुग्यासारखी सुटी नसते. तिची भिंत अंडाशयाला धरून असते. पिकलेल्या आंब्याची साल ओढली की सालीबरोबर गर येतो, तशी गाठ सोलताना तिच्याबरोबर चांगलं अंडाशय येतं, त्यातली स्त्रीबीजं येतात. ऑपरेशननंतर एएमएच सरासरीनं तिसऱ्या हिश्शाहून जास्त घसरतो, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं. इटलीत दोन्ही अंडाशयांतल्या गाठी काढलेल्या १२६ तरुण स्त्रियांपैकी तिघींची अंडाशयं ऑपरेशननंतर बंदच पडली. तीनच, असं म्हणाल. पण त्या तिघी मूल हवं म्हणूनही आलेल्या असू शकतात.

मग गाठ काढायचीच नाही का? असं कुणी ऐकून घरी जाऊ नका. गाठ मोठी आहे, दुखतंय, आणि स्वतःहून दिवस राहावेत अशी वय-परिस्थिती आहे, तर चांगल्या हातानं एकदा गाठ काढल्यानं फायदा होतो. गाठ कर्करोगाची असावी असा संशय असेल तर काढायलाच हवी. नलिकेत पाणी साठलं असेल तर आयव्हीएफपूर्वी तिचा बंदोबस्त करावा, त्यानं निकाल सुधारतो. पण "आधी गाठ काढू, मग आयव्हीएफ करू, म्हणजे यश जास्त" हे वाक्य आपण जे रोज ऐकतो, त्याला आधार नाही. गाठ काढून आयव्हीएफ केल्यानं बाळं वाढत नाहीत. स्त्रीबीजं मात्र कमी मिळतात. आणि दुसऱ्यांदा गाठ काढणं? त्यासाठी फार मोठं कारण हवं. ऑपरेशन एकदाच, चांगलं, आणि त्याआधी एएमएच तपासून. दोन्ही बाजूंना गाठी असतील, साठा कमी असेल, तर आधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवायची की नाही, ही चर्चा ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही होण्यापूर्वी व्हायला हवी. लग्न झालेलं नसलं तरी. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या (एआरटी) कायद्यात अविवाहित स्त्रीला मज्जाव नाही, आणि गोठवलेली बीजं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात.

एक खुलासा करते, नाहीतर उद्या सकाळी माझ्याकडे एएमएचचे रिपोर्ट घेऊन रांग लागेल. एएमएच कमी आला म्हणजे आपोआप दिवस राहणार नाहीत असं नाही. औषधं दिल्यावर किती बीजं मिळतील, याचा तो अंदाज आहे. तेवढाच.

तिसरा मुद्दा औषधांचा, आणि हा पटकन संपेल. डॅनॅझॉल, ल्युप्रोलाइड, डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या. यातलं प्रत्येक औषध पाळी दाबतं किंवा बीज सुटणं थांबवतं. दुखण्यावर ती उत्तम आहेत, माझ्या शेकडो पेशंट त्यांच्यामुळे उभ्या आहेत. पण ती चालू असताना दिवस राहत नाहीत, आणि बंद केल्यावर दिवस राहण्याची शक्यता त्यांच्यामुळे वाढतही नाही. "आधी सहा महिने आजार सुकवू, मग मुलाचा विचार करू" ही पद्धत लोकप्रिय आहे. ज्या बाईला आज मूल हवं आहे, तिच्या बाबतीत ती चूक आहे.

आता आयव्हीएफ. इथे एक जुना प्रश्न आहे: या आजारात बिघाड बीजात आहे, की जमिनीत? स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातल्या डॉक्टरांनी १९९४ साली दान केलेल्या स्त्रीबीजांकडे या नजरेनं पाहिलं. बीज देणारीला आजार असेल तर गर्भ रुजण्याचं प्रमाण कमी दिसलं. घेणारीला असेल तर फारसा फरक नव्हता. म्हणजे दोष बीजाचा, असा निष्कर्ष निघाला आणि बरीच वर्षं टिकला. पुढे गर्भाची गुणसूत्रं तपासता येऊ लागली. तेव्हा दिसलं, की एकाच वयाच्या, आजार असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या गर्भांत गुणसूत्रांचे दोष सारख्याच प्रमाणात आहेत. आणि निर्दोष गर्भ गर्भाशयात सोडला, तर तो टिकण्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच. हे ऐकायला कोरडं वाटेल, पण माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात आशेची बातमी हीच आहे. या बायकांची बीजं वाईट नाहीत. कमी आहेत. आणि कमी का आहेत? काही आजारानं खाल्ली, काही वयानं, काही आमच्या कात्रीनं. यातलं तिसरं तरी आपल्या हातात आहे ना?

आयव्हीएफ करताना काही गोष्टी सांभाळल्या तर फरक पडतो. बीजं काढताना सुई गाठीत घालायची नाही. गेलीच तर प्रतिजैविकं द्यायची, कारण त्या जुन्या रक्तात जंतू फार लवकर वाढतात. एका खेपेत बीजं कमी मिळणार असतील तर दोन खेपांचे गर्भ साठवून मग पुढे जायचं. गर्भ लगेच न सोडता गोठवायचे आणि अंडाशयाची सूज ओसरल्यावर सोडायचे, याकडे आता बऱ्याच केंद्रांचा कल आहे. गर्भाशयाच्या स्नायूत तोच आजार असेल, म्हणजे अॅडेनोमायोसिस, तर आधी काही आठवडे इंजेक्शनं देऊन तो शांत करतात. यातलं किती पक्कं आणि किती सवयीचं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उदाहरण देते. आयव्हीएफपूर्वी तीन ते सहा महिने ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं दिली तर दिवस राहण्याची शक्यता चौपट होते, असं २००६ साली छापून आलं. आधार किती? तीन अभ्यास, सगळ्या मिळून १६५ स्त्रिया. आम्ही सगळे ती इंजेक्शनं देऊ लागलो. २०१९ साली आठ अभ्यास आणि ६४० स्त्रिया एकत्र केल्या, तर तो फायदा खात्रीनं सांगता येईना. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनं ती शिफारस मागे घेतली. तरी आजही कित्येक ठिकाणी प्रत्येकीला तीच तीन इंजेक्शनं लागतात. सवय मोडायला अभ्यासापेक्षा जास्त वेळ लागतो, आम्हा डॉक्टरांनासुद्धा.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणित शिकवायचे, असं कळलं. म्हणून थोडं त्यांच्या विषयाकडे वळते. आयव्हीएफ केंद्रांच्या फ्लेक्सवर लिहिलेलं असतं, "यशाचं प्रमाण ७० टक्के." अंश समजला, छेद काय? टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या मोजल्या की घरी बाळ घेऊन गेलेल्या? गर्भ सोडलेल्यांपैकी मोजल्या की उपचार सुरू केलेल्यांपैकी? एंडोमेट्रिओसिसच्या बाईला हा छेद फार महत्त्वाचा आहे. कारण तिची गळती गर्भ सोडण्याआधीच होते. बीजं मिळत नाहीत, खेप रद्द होते, गर्भ तयार होत नाही. छेद "गर्भ सोडलेल्या" असा धरला, की या सगळ्या जणी हिशेबातून गायब. ब्रिटनमध्ये एचएफईए ही सरकारी संस्था प्रत्येक केंद्राचे निकाल लोकांसाठी जाहीर करते. आपल्याकडे २०२१ च्या कायद्यानं केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली, राष्ट्रीय नोंदवही आली. तिच्यातून केंद्रनिहाय, आजारनिहाय, सुरू केलेल्या उपचारांमागे किती बाळं, हे लोकांसमोर यावं, अशी माझी मागणी आहे.

आणि पैशांबद्दल न बोलून कसं चालेल? शास्त्रीय नोंदी ठेवून सिद्ध झालेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मली. कुठे? एखाद्या पंचतारांकित दवाखान्यात नाही, परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. आज एका खेपेला लाख-दीड लाखाच्या पुढे खर्च येतो, आणि कमी बीजांच्या बाईला खेपा जास्त लागतात. २०२३ मध्ये गोव्यानं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. गोव्याला जमतं. ज्या महाराष्ट्रात ते बाळ जन्मलं, तिथल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ते का असू नये? परळमध्येच आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था भारतीय स्त्रियांमधल्या एंडोमेट्रिओसिसवर देशभर काम करते आहे. म्हणजे जाणकार आहेत, इमारती आहेत. हवी आहे ती मागणी, आणि मागणी आवाजाशिवाय होत नाही.

आता तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. घरातली मुलगी पाळीत अंथरुणाला खिळत असेल तर तिला "लग्नानंतर थांबेल" असं सांगू नका. ज्यांना हा आजार ओळखता येतो अशा डॉक्टरकडून सोनोग्राफी करून घ्या. आणि कुणी गाठ काढायचा सल्ला दिला, तर सही करण्यापूर्वी विचारा: आधी एएमएच आणि नवऱ्याचा रिपोर्ट बघायचा का, आणि काढल्यानं मूल होण्याची शक्यता वाढणार आहे की कमी होणार आहे? डॉक्टर चिडले तर दुसऱ्याकडे जा.

प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. माईकवर विचारायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, कार्यकर्ते गोळा करतील. चिठ्ठीवर नाव लिहायची गरज नाही.